क्रूझवर आई-बाबांचं रात्रीचं जेवण आणि पोरांची सोय: कोल्हापुरातून निघण्याआधीच काय ठरवायचं आणि जहाजावर काय करायचं

क्रूझवरच्या मोठ्या डायनिंग रूममध्ये रात्रीचं जेवण एकदम ताटात वाढून येत नाही. आधी ब्रेड आणि सूप, मग स्टार्टर, त्यानंतर मुख्य पदार्थ आणि शेवटी गोड, असं एकेक येत राहतं. सगळं मिळून दीड ते दोन तास जातात. चार वर्षांचं मूल तिथं फार तर ४० ते ४५ मिनिटं नीट बसतं. मग ते खुर्चीवरून घसरतं, टेबलाखाली जातं, शेवटी रडतं, आणि आई किंवा बाबा अर्धं जेवण सोडून त्याला घेऊन बाहेर फिरत राहतात. यात मुलाचा काही दोष नाही. पोरं आणि मोठे एकाच पंगतीला बसवायचा हट्ट इथं सोडायला हवा. मुलाचं पोट आधी भरायचं, त्याला खात्रीच्या ठिकाणी सोपवायचं आणि मग तुम्ही निवांत बसायचं. पुढची सगळी मांडणी याच क्रमावर आहे.

बुकिंग करतानाच विचारायचे प्रश्न

एजंटकडे गेल्यावर बोलणं बहुतेक केबिन, बाल्कनी आणि पॅकेजच्या भावावर होतं. मुलांच्या क्लबचं, म्हणजे जहाजावर मुलांना खेळवत सांभाळतात त्या जागेचं, तुम्ही विचारलं नाही, तर सहसा कुणी सांगत नाही. पैसे भरण्याआधी या गोष्टी लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी, मागून घ्या: क्लबमध्ये कोणत्या वयापासून घेतात, संध्याकाळी क्लब किती ते किती उघडा असतो, मुलाला शी-शू स्वतःची स्वतः करता आलीच पाहिजे का, रात्री जादा पैसे किती वाजल्यापासून लागतात, आणि डायनिंग रूममध्ये पंगती किती वाजता बसतात.

वयाची अट बहुतेक मोठ्या जहाजांवर ३ वर्षं पूर्ण अशी असते. त्याखालच्या बाळांसाठी नर्सरी सगळीकडे नसते. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर ६ ते ३६ महिन्यांच्या बाळांना तासाचे पैसे घेऊन सांभाळतात, डिस्नेच्या जहाजांवरही ६ महिने ते ३ वर्षं अशी नर्सरी असते. पण जागा मोजक्या असतात. बुकिंग ऑनलाइन खुलं झाल्या झाल्या संध्याकाळचे तास धरून ठेवावे लागतात. जहाजावर चढल्यावर विचारू म्हटलं, तर बऱ्याचदा मधल्या दुपारचे, कुणाला नको असलेले तास उरलेले असतात. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला तर बहुतेक कंपन्या जहाजावर घेतच नाहीत आणि लांबच्या, सलग समुद्रातून जाणाऱ्या सफरींना ही अट १२ महिन्यांची होते.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर भारतीय जेवण आहे, आणि मुलांसाठी वेगळी जागाही आहे. तिथं जेवणाची काळजी कमी, पण क्लबच्या वेळा तुमच्या सफरीपुरत्या विचारून घ्याच. एका सफरीची वेळ दुसऱ्या सफरीला तशीच असेल असं धरू नका.

पहिली पंगत की दुसरी

पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला आणि दुसरी आठच्या सुमारास बसते. तिसरा पर्याय म्हणजे संध्याकाळच्या ठरलेल्या पट्ट्यात कधीही या. लहान मूल आहे म्हणजे लवकरची पंगत बरी, असं सगळ्यांना वाटतं. तीन वर्षांवरचं मूल असेल तर हा हिशेब बऱ्याचदा चुकतो. कारण अनेक जहाजांवर मुलांचा क्लब संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतो आणि सातला पुन्हा उघडतो. साडेपाचच्या पंगतीला बसलात तर मूल तुमच्या मांडीवरच असणार. दुसऱ्या पंगतीला मात्र मूल सातला क्लबमध्ये जातं, तुम्ही आठला बसता, दहाच्या आत त्याला घेऊन येता. म्हणून तीन वर्षांपुढच्या मुलासाठी दुसरी पंगत, आणि तीनच्या आतल्या मुलासाठी कधीही येण्याची सोय, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याला एक अपवाद आहे. काही जहाजांवर पहिल्या पंगतीत मुलांना आधी आणि भराभर वाढतात आणि ४०-४५ मिनिटांत क्लबची माणसं थेट टेबलावर येऊन मुलांना घेऊन जातात. अशी सोय असली तर पहिली पंगत उत्तम. पण ती आपोआप मिळत नाही. पहिल्याच दिवशी क्लबमध्ये नाव द्यावं लागतं आणि वेटरलाही सांगावं लागतं.

सिंगापूरहून निघणार असाल तर घड्याळ

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, आणि मुलाच्या पोटाला ते घड्याळ कळत नाही. जहाजावरची साडेपाचची पंगत म्हणजे आपल्याकडचे दुपारचे ३. आठची पंगत म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. कोल्हापुरात रात्री आठला जेवणारं आणि साडेनऊला झोपणारं मूल तिथं साडेदहाला भूक लागली म्हणेल आणि बाराला झोपेल.

तीन-चार रात्रींची सफर असेल तर मुलाचं घड्याळ बदलायच्या मागे लागू नका, ते बदलेपर्यंत सफर संपते. त्याऐवजी जेवणाच्या वेळा थोड्या ओढा. दुपारचं जेवण जहाजाच्या वेळेनं एकच्या आत उरका आणि थोडं हलकंच द्या. चारला फक्त फळ द्या. मग साडेसहाला मूल निदान एक वाटी भात तरी खातं. दुपारचं जेवण अडीच-तीनला झालं, तर संध्याकाळी ते तोंड फिरवणार आणि रात्री नऊला क्लबमध्ये भुकेनं रडणार. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर घड्याळाची ही भानगड नाही. तिथं आड येतं ते दुपारी उशिराचं आइस्क्रीम आणि पिझ्झा. साडेचारनंतर या दोन्हीला सरळ नाही म्हणा.

घरी करायची तयारी: तीन आठवडे आधीपासून

आपल्याकडं पाच वर्षांच्या पोराला सुद्धा आजी मागे फिरून घास भरवते. क्लबमधली माणसं मुलाला भरवत नाहीत. तीन आठवडे आधीपासून रोजचं एक जेवण तरी मुलानं स्वतःच्या हातानं, एका जागी बसून, मोबाइलशिवाय संपवायचं, असं ठरवा. सांडलं तर सांडू द्या. हातानं खाणं चालतंच, पण चमचाही सवयीचा झाला तर बरं, कारण जहाजावर भात बऱ्याचदा मोकळा, लांब दाण्याचा असतो, आणि तो लहान बोटांत धरत नाही.

शी-शूची अट इथल्या आई-बापांना हलकी वाटते आणि तिथंच गाडी अडते. क्लबच्या भाषेत याचा अर्थ असा की मूल स्वतः सांगतं, स्वतः जातं, चड्डी स्वतः काढतं-घालतं आणि स्वतःला पुसतंही. डायपर किंवा पुल-अप (चड्डीसारखं वर ओढायचं डायपर) घातलेलं मूल बहुतेक क्लब घेत नाहीत. परदेशी जहाजांवर टॉयलेटमध्ये जेट स्प्रे नसतो. पाण्याची सवय असलेलं मूल तिथं गोंधळतं आणि मग दाबून धरतं. घरी चार-आठ दिवस टिश्यूनं पुसायची सवय करा. ओले वाइप्स वापरायला शिकवलंत तर ते कचऱ्याच्या डब्यातच टाकायचे हेही शिकवा. जहाजावरची टॉयलेट हवेच्या दाबानं ओढणारी असतात. एक वाइप अडकला तरी शेजारच्या केबिनची टॉयलेटंही बंद पडू शकतात.

तिसरी सवय म्हणजे अनोळखी माणसाकडे राहण्याची. रोज आजीकडे राहणारं मूल तुम्हांला सरावलेलं वाटेल, पण आजी म्हणजे घरच. शेजारच्या काकूंकडे किंवा मैत्रिणीच्या घरी त्याला दोन तास ठेवा आणि तेवढ्यात रंकाळ्यावर चक्कर मारून या. असं तीन-चार वेळा करा. दर वेळी जाताना सांगून जा आणि सांगितलेल्या वेळी परत या. लपून सटकण्याची आपल्याकडची पद्धत क्लबच्या दारात फार महाग पडते, कारण दुसऱ्या दिवशी मूल आत पाऊलच टाकत नाही.

क्लबमध्ये इंग्रजी चालतं, काही ठिकाणी हिंदी. मराठी बोलणाऱ्या मुलाला पाच-सहा शब्द पुरतात: वॉटर, टॉयलेट, हंग्री, पेन, स्टॉप, कॉल ममी. हे शब्द खेळता खेळता पक्के करा.

बॅगेत काय घ्यायचं

घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या जहाजावर नेऊ देत नाहीत. डब्यातल्या दशम्या आणि घरचे लाडू तपासणीत बाजूला काढले जाण्याची शक्यता धरूनच चला. कारखान्यात बंद केलेली, छापील तारखेची पाकिटं साधारणपणे चालतात. त्यामुळे लक्ष्मीपुरीतून किंवा महाद्वार रोडवरून खरेदी करताना बंद पाकिटातलं मेतकूट, खाकरा आणि राजगिऱ्याची चिक्की असलं काहीतरी घ्या. जहाजावरच्या साध्या गरम भातावर मेतकूट आणि लोण्याचा तुकडा टाकला, की बाहेरच्या चवीला कंटाळलेलं मूलसुद्धा चार घास जास्त खातं. चार रात्रींसाठी एका मुलाला १०० ग्रॅम मेतकूट पुरून उरतं.

शिजवावं लागणारं नाचणीचं सत्त्व नेऊ नका. इंडक्शन, राइस कुकर, पाणी तापवायची कॉइल यांना आगीच्या भीतीनं जहाजावर बंदी असते. गरम पाण्यात कालवून होणारं बाळाचं खाणं घ्या. गरम पाणी बुफेतल्या चहाच्या मशीनवर मिळतं. दुधाची पावडर आणि डायपर यांचा पूर्ण साठा घरूनच न्या आणि दोन दिवसांचा जादा ठेवा. जहाजावरच्या दुकानात ते मिळतीलच असं नाही.

यासोबत स्टीलची छोटी वाटी आणि चमचा, झाकणाचा पेला, दोन बिब, ओआरएसची चार पाकिटं. जहाज लागण्याच्या औषधाबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटूनच ठरवा, आणि मुलाचं वजन सांगून डोस कागदावर लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. प्रोमेथाझिन हे उलटीवर सर्रास दिलं जाणारं औषध २ वर्षांच्या आतल्या मुलाला देत नाहीत, त्यानं श्वासावर परिणाम होऊ शकतो.

मुलाला शेंगदाणा, काजू किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर कंपनीला काही आठवडे आधी ईमेलनं कळवा आणि उत्तराची प्रिंट जवळ ठेवा. जहाजावरच्या भारतीय भाज्यांच्या रश्शात काजूची पेस्ट आणि क्रीम सढळ हातानं असतं. पनीरची भाजी साधी दिसली तरी ती काजूची असू शकते.

जहाजावर चढल्याचा दिवस

महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालात तर सकाळी सीएसएमटीला उतरता. तिथून बॅलार्ड पिअर जवळ आहे. पण बोर्डिंग दुपारी असतं, आणि गाडीतली अर्धवट झोप मुलाला संध्याकाळी गाठते. शक्य असेल तर एक दिवस आधी मुंबईत पोहोचा. नाहीतर केबिन मिळाल्याबरोबर पडदे ओढून मुलाला तासभर झोपवा.

जहाजावर पाय ठेवल्यावर सगळे बुफेकडे धावतात. तुमच्यापैकी एकानं थेट मुलांच्या क्लबकडे जावं. नोंदणी पहिल्या दुपारीच होते, आणि तेव्हा रांग नसते. फॉर्मवर ॲलर्जी, रोजची औषधं, आणि मुलाला कोण घेऊन जाऊ शकतं यांची नावं लिहावी लागतात. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचीही नावं तिथंच घाला. राहून गेलं तर रात्री आजोबा घ्यायला गेले तरी मूल त्यांच्या हाती देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. काही ठिकाणी परवलीचा शब्द ठरवतात. तो आजीच्याही लक्षात राहील असा, मराठीतलाच ठेवा.

थोड्या मोठ्या मुलांना, साधारण नऊच्या पुढं, एकट्यानं क्लबमधून बाहेर पडायची परवानगी द्यायची का, असा एक रकाना असतो. दिवसा तुमचं तुम्ही ठरवा, पण रात्रीसाठी नाहीच लिहा. दहा मजल्यांचं जहाज, सगळे कॉरिडॉर सारखे, त्यात अंधार आणि डेकवर वारा.

त्याच दुपारी मुलाला क्लब दाखवून आणा. पंधरा मिनिटं सोबत बसा आणि परत घेऊन या, एकटं सोडू नका. आपत्कालीन कवायतीत लहान मुलांच्या मनगटाला एक पट्टा बांधतात. संकटात त्यांना कुठं न्यायचं हे त्यावरून कळतं. तो पट्टा शेवटपर्यंत काढायचा नाही.

संध्याकाळ, घड्याळ लावून

आठची पंगत धरून हे वेळापत्रक आहे. साडेपाचला अंघोळ आणि सैल, सुती कपडे. कपडे रात्री तसेच झोपता येतील असे घाला, म्हणजे परत आल्यावर बदलाबदल नाही. सहा-सव्वासहाला बुफे. या वेळी गर्दी कमी असते आणि पदार्थ ताजे असतात. आत जाण्याआधी मुलाचे हात साबणानं २० सेकंद धुवा. दारातल्या सॅनिटायझरवर भागवू नका. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरते ती बहुतेक नोरोव्हायरसनं, आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याला नीट आवरत नाही.

चार वर्षांच्या मुलाला एक वाटी भात, अर्धी वाटी वरण किंवा साधी डाळ, दोन चमचे दही आणि एक फळाची फोड पुरते. ताट भरून वाढलं की मूल दोन घास खाऊन उठतं, म्हणून थोडं वाढा आणि मागितलं की पुन्हा वाढा. नवे पदार्थ सकाळच्या नाश्त्याला चाखायला द्या, संध्याकाळी नकोत. लहानग्यांना अख्खी द्राक्षं देऊ नका, उभी चिरून द्या. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत नकोतच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

डाळ तिखट असेल, किंवा मिळतच नसेल, तर आदल्या रात्री डायनिंग रूमच्या हेड वेटरला सांगा: उद्या सव्वासहाला मिरची न घालता मुगाची साधी खिचडी, एका मुलापुरती. जहाजांच्या स्वयंपाकघरात आणि वाढप्यांत गोव्याची आणि इतर भारतीय माणसं बरीच असतात, कोकणी-हिंदीत बोलणं होतं. त्याच दिवशी ऐन वेळी मागितलं तर मिळणं कठीण. शेकडो ताटांची तयारी दुपारीच झालेली असते.

पावणेसातला टॉयलेट. मुलाला जायचं नसलं तरी बसवाच. सातला क्लब. दारात निरोप लांबवू नका: आम्ही जेवून येतो, तू हे चित्र रंगवलंस की आम्ही येतोच, एवढं सांगून निघा. मूल दहा-पंधरा मिनिटांत शांत झालं नाही तर क्लबकडून बोलावणं येतं. पहिल्या रात्री ते येईल असं धरूनच ठेवा. पहिल्या रात्री दोन तासांच्या जेवणाऐवजी तासाभराचं, सूप आणि मुख्य पदार्थ एवढंच घ्या. दुसऱ्या रात्रीपासून लांबवा.

बोलावणं कसं येणार हे क्लबमध्ये विचारून घ्या. कुठं जहाजाच्या ॲपवर मेसेज येतो, कुठं क्लब एक छोटा फोन देतो, कुठं थेट डायनिंग रूममध्ये निरोप धाडतात. तुमचं सिम समुद्रात चालत नाही, आणि रोमिंग लागलंच तर बिल फार मोठं येतं. ॲपवर मेसेज येणार असेल तर फोन फ्लाइट मोडवर ठेवून जहाजाचं वायफाय सुरू ठेवा. क्लबच्या वहीत टेबल नंबर लिहून ठेवा.

टेबलावर बसल्या बसल्या वेटरला सांगा की मूल क्लबमध्ये आहे आणि साडेनऊला उठायचं आहे. म्हणजे तो पदार्थांचा वेग त्याप्रमाणे ठेवतो. दाराजवळचं टेबल मागून घ्या. दहानंतर अनेक जहाजांवर क्लब चालू असतो, पण तासाचे पैसे लागतात. पावणेदहाला निघालात तर घाईही होत नाही आणि पैसेही वाचतात.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल आणि नर्सरी नसेल तर

केबिनमध्ये येऊन मूल सांभाळणारी माणसं आता फार थोड्या कंपन्या देतात. मग उरतात घरची माणसं. कोल्हापूरकर कुटुंबं बहुतेक आजी-आजोबांना, एखाद्या आत्याला घेऊनच निघतात, ही मोठी सोय आहे. पण रोजच्या रोज आजीलाच केबिनमध्ये बसवू नका. तीही सुट्टीवर आलेली आहे. चार रात्री असतील तर एक रात्र आजी-आजोबा, एक रात्र आत्या आणि उरलेल्या दोन रात्री सगळे एकत्र, लवकर आणि थोडक्यात, असं निघण्याआधीच बोलून ठरवा. सांभाळणाऱ्याचं जेवण रूम सर्व्हिसनं केबिनमध्ये मागवा. आणायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून तुम्ही निघण्याआधीच ऑर्डर द्या.

फक्त तुम्ही दोघंच असाल तर बाळाला सहाला भरवून सातला स्ट्रोलरमध्ये झोपवा, आणि भिंतीकडेचं, स्पीकरपासून लांबचं टेबल मागा. बाळ जागं झालं तर एकानं बाहेर जायचं, दुसऱ्यानं जेवून बदली द्यायची.

मूल झोपलंय म्हणून त्याला केबिनमध्ये एकटं ठेवून जाणं मात्र पूर्ण बंद. बेबी मॉनिटरचा सिग्नल पोलादी भिंतींतून चार मजले जात नाही. केबिनचं दार जड असतं, त्यात बोटं चेमटतात. बाल्कनीची कडी मुलाला उघडता येते. आणि धोक्याचा भोंगा झाला तर तुम्हांला उलट दिशेला, असेंब्लीच्या, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायच्या जागी पाठवतील, केबिनकडे जाऊ देतील याची खात्री नाही.

समुद्र खवळला तर

पावसाळ्याच्या आगेमागे अरबी समुद्रात जहाज जाणवण्याइतकं हलतं. अशा संध्याकाळी दूध, चीज, तळलेलं टाळा. कोरडा भात, टोस्ट, सफरचंद, घोटघोट ओआरएस द्या. उलटी झालेलं मूल क्लब घेत नाही, आणि तुम्हीही लपवून पाठवू नका. साथ असेल तर ती तासाभरात बाकीच्या पोरांत जाते. त्या रात्रीचं डायनिंग रूमचं जेवण सोडा आणि खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी एखादी शांत जागा शोधून बसा. तिथं हलणं सगळ्यात कमी असतं.

शेवटची रात्र

या रात्री मोठ्या बॅगा झोपण्याआधी केबिनबाहेर ठेवाव्या लागतात, साधारण दहा-अकराच्या आत. त्यामुळे बॅगा दुपारीच भरा, नाहीतर जेवण अर्ध्यावर सोडून धावावं लागतं. मुलाचे सकाळचे कपडे आणि चपला, दुधाची पावडर, दोन डायपर आणि चिक्कीचं एक पाकीट हातातल्या पिशवीत ठेवा. सकाळी उतरताना रांग लांबते आणि बुफे लवकर बंद होतो. जहाजावरची फळं आणि सँडविच सोबत घेऊन उतरू नका, बऱ्याच बंदरांवर ते चालत नाही.